पाला ढीगभर, गाजर करंगळीएवढं

ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे गच्चीत किंवा तळमजल्याच्या अंगणात भाजी लावणारी मंडळी भेटली की एक तक्रार हमखास कानावर येते. मेथी येते, मिरची येते, टोमॅटो शेजाऱ्यांना वाटावे लागतात. गाजर मात्र फसतं. वर पाला हिरवागार आणि उपटावं तर खाली करंगळी! गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असं आपण म्हणतो खरं. पण मोडून खाण्याइतकं तरी हाती लागायला हवं ना?

वांग्याचं काही बिनसलं तर ते पानांवर दिसतं. गाजराची मात्र झाकली मूठ. तीन महिने पाणी घालायचं आणि उपटल्यावर कपाळाला हात लावायचा. म्हणून फसलेलं गाजर फेकू नका. धुऊन ताटलीत ठेवा आणि नीट पाहा.

त्याला दोन-तीन पाय फुटलेत का? मग मुळाच्या टोकाला लहानपणीच इजा झाली. बी रुजलं की पहिल्या काही आठवड्यांत मूळ सरळ खाली धाव घेतं. वाटेत खडा आला किंवा टोक मोडलं की बाजूची मुळं फुगतात. आपल्याकडे इमारतीभोवतीच्या जमिनीत भरणीचा मुरूम आणि विटांचे तुकडे असतात, त्यात गाजर सरळ जाणार कसं? वीतभर खोल माती चाळूनच घ्यावी, किंवा फूटभर खोलीची कुंडी वापरावी. मी स्वतः पहिल्या वर्षी ट्रेमध्ये रोपं करून मोठ्या कौतुकाने कुंडीत लावली होती. एकूण एक गाजर पायजमा घातल्यासारखं निघालं! गाजराचं रोप हलवायचं नसतं, बी जागेवरच पेरायचं. अर्धवट कुजलेल्या खतानेही असेच पाय फुटतात. सोसायटीतलं ओल्या कचऱ्याचं खत मातीसारखं काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं झाल्याशिवाय गाजराला देऊ नये.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर तो सूत्रकृमींचा प्रताप. त्याच मातीत आधी भेंडी, टोमॅटो किंवा वांगी होती का, ते आठवा. ती माती गाजराला पुन्हा वापरू नका. तिच्यात निंबोळी पेंड मिसळून झेंडू लावा.

गाजर सरळ आहे, पण शिसपेन्सिलीएवढं? इथे बहुतेक वेळा दोष आपल्या मायेचा असतो. बी बारीक, चिमटीतून भसकन पडतं आणि रोपं दाटीने उगवतात. ती उपटायला हात धजत नाही. पण दोन रोपांमध्ये तीन बोटांचं अंतर नसेल तर एकही पोसत नाही. रोपं बोटभर उंच झाली की विरळणी कराच. आधी पाणी द्या, म्हणजे शेजारच्या मुळाला धक्का लागत नाही. किंवा नको असलेली रोपं कात्रीने कापा. बी वाळूत मिसळून पेरलं तर हे दुःख थोडं कमी होतं. पाला फारच माजला असेल तर युरिया किंवा शेणखत जास्त झालंय, किंवा ऊन कमी पडतंय. गाजराला निदान पाच-सहा तास ऊन हवं. डोंबिवलीतल्या चिकटून उभ्या इमारतींमध्ये ते बाल्कनीपेक्षा गच्चीवरच मिळायचं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, हंगाम. गाजराला चांगला आकार आणि रंग येतो तो साधारण १५ ते २० अंश तापमानात. आपली थंडी ती केवढी! कल्याण-बदलापूरकडच्या रात्री कुलाब्यापेक्षा थंड असतात हे खरं, पण दुपारी तिथेही घाम फुटतो. म्हणून पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी. जानेवारीत पेरलेलं गाजर ऐन भरायच्या वेळी उन्हात सापडतं आणि फिकट, बुटकं राहतं. बी घेतानाही पाकिटावरचं चित्र पाहून भुलू नका. ‘नँटीस’ हा नारिंगी युरोपीय वाण थंड हवेतला. दिल्लीच्या पुसा संस्थेचे ‘पुसा केसर’ आणि ‘पुसा रुधिरा’ हे लाल वाण उष्णता जास्त सोसतात.

पेरल्यावर बी अर्धा सेंटिमीटर मातीने झाकायचं आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. एवढ्यात लोकांचा धीर सुटतो आणि त्याच कुंडीत कोथिंबीर पेरली जाते! रोज गोणपाट उचलून पाहा आणि पहिला कोंब दिसताच ते काढून घ्या. पुढे पाणी बेताने, पण नियमित द्या. चार दिवस कोरडं ठेवून एकदम बादली ओतली की गाजर तडकतं. मान मातीबाहेर आली तर ती हिरवी आणि कडवट होते, तेव्हा मातीची भर द्या.

आणि नोव्हेंबर हातून निसटलाच, तर गाजराचं बी सावलीत, कोरड्या डब्यात ठेवून द्या आणि त्या कुंडीत मुळा लावा. तो दीड महिन्यात ताटात येतो.