कावळ्याची चोच आणि गावाची वही

पत्रिकेत विषय छापलाय ‘आपला परिसर, आपला निसर्ग’. म्हणजे कयाधू आली, सिद्धेश्वरचं धरण आलं, औंढ्याचं देऊळ, नर्सीचे नामदेव आले. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे वसमतकराला हळद दाखवणं. (हशा) ते सोडतो.

एवढंच सांगा : १० जुलै २०२४ ला भूकंप झाला, तेव्हा वाजले किती होते? (सभागृहातून : ‘सव्वासात!’ ‘सहा!’) सहा म्हणणारे काका अजून २१ मार्चच्या भूकंपातच आहेत. (हशा) मार्चचा सहा वाजून आठ मिनिटांनी, जुलैचा सात वाजून चौदा मिनिटांनी. दोन्ही ४.५ रिश्टरचे. दोन्ही वेळा आपण अंगणात धावलो; लिहून ठेवलं किती जणांनी? गावोगाव एक नोंदवही हवी, हे माझं जुनं टुमणं आहे. ओळखीची मंडळी आत्ताच माना डोलवायला लागली.

पांगरा शिंदेकडे जमिनीतून आवाज येतात, वर्षानुवर्षं. कधी आला, कुठल्या बाजूनं आला, आधी आवाज की आधी हादरा, हे विचारा. पारावर चार जणांची पाच उत्तरं.

आता दुधाळ्याला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र, उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटींची मंजुरी दिली, वगैरे तुम्ही वाचलंच असेल. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला मोजायचा फरक प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी. अमेरिकेत हॅनफर्डला असंच यंत्र आहे. तिथं २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींत मधूनच टकटक उमटायला लागली. आकाशातलं काही म्हणावं तर तसं दिसेना. शोधत शोधत मंडळी बाहेर आली, तर द्रव नायट्रोजनच्या नळीवर बर्फ साचलेला, आणि त्यावर चोचीच्या खुणा. तहानलेले डोमकावळे! (हशा) पुढची गोष्ट मला जास्त आवडते. त्या शास्त्रज्ञांनी स्वतः त्या बर्फावर ठोकून पाहिलं, आणि आतल्या नोंदीशी ताडून पाहिलं. जुळलं. कोट्यवधींचं यंत्र, पण उत्तर सापडलं ते बाहेर येऊन नळीकडे बघितल्यावर. आपल्याकडे तर कावळा काय, बैलपोळ्याची हलगीसुद्धा... (हशा, टाळ्या)

मागून कुणीतरी म्हणालं, ‘सर, वहीनं भूकंप थांबतो का?’ नाही थांबत. थांबतो असं मी कधी म्हटलं? भूकंपाची ताकद यंत्र सांगतं. पण कुठल्या गल्लीत भांडी पडली, कुठली भिंत तडकली, झोपलेला माणूस जागा झाला की नाही, यावरून तीव्रता ठरवतात. ते माणसांनाच विचारावं लागतं. ही माझी कल्पना नव्हे, भूकंपशास्त्राची रीत आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पक्ष्यांचं टिपण तसंच राहिलं, ईसापूरचं तर काढलंच नाही. कावळ्यानं खाल्लं सगळं. (हशा) बरं, भराभर सांगतो. रकाने पाचच : तारीख, घड्याळातली वेळ, जागा, काय ऐकलं, काय हललं. शेवटचे दोन वेगळे ठेवा. आणि शेजाऱ्याला विचारायच्या आधी लिहा. त्याचं उत्तर त्याच्या वहीत येऊ द्या. काका, तुम्ही मार्चपासून सुरुवात करा.