पाण्याची टाकी आणि दाराची कडी

(विहाराच्या वर्धापन दिनी संध्याकाळच्या सभेत केलेले भाषण)



कार्यक्रम पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘मार्गदर्शन’ असे छापले आहे. पण आज आम्ही मार्गदर्शन करायला उभे नाही. आपल्या अभ्यासिकेतल्या नऊ मुलामुलींनी आम्हा वडीलधाऱ्यांना जो धडा शिकवला, तो जसा घडला तसा सांगायला उभे आहोत. त्यात आमची चूकही आहे, ती लपवणार नाही.

आम्ही कोण ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. नव्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही सातवीत होतो. वडील साचाखात्यात. संप लांबला, घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून गेली, आणि पुढच्या वर्षी शाळेच्या पटावर नाव असतानाच आम्ही लालबागला एका हॉटेलात कपबश्या विसळायला लागलो. शाळेतून आम्हाला कोणी काढले नाही. आधी एक दिवस चुकला, मग आठवडा, मग संपलेच. घरी विचारायला कोणी आले नाही. पुढे रात्रशाळा केली, गिरणीत बदलीवर लागलो, आणि खरे वाचायला शिकलो ते याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. २०२० च्या टाळेबंदीत गिरणीचा भोंगा थांबला तो पुन्हा वाजला नाही. तेव्हापासून संध्याकाळी अभ्यासिकेची किल्ली आमच्याकडे असते. एवढीच आमची ओळख.

आता मूळ गोष्ट. टाळेबंदी उठून शाळा पुन्हा भरू लागल्या, त्यानंतरच्या २०२२ सालची. आपल्या वस्तीतल्या एका शाळेने आठवीच्या मुलांना गट करून प्रकल्प करायला सांगितला. विषय होता, शाळेतले जीवन सुधारण्यासाठी आपण काय करू शकतो. शाळेचे नाव घेत नाही, कारण कुणाला नावे ठेवायला ही गोष्ट नाही. पाच मुली आणि चार मुलगे असा आपल्या अभ्यासिकेतलाच गट झाला आणि वर्गणी मागायला आमच्याकडे आला.

आम्ही म्हटले, वर्गणी कशाला? शाळेला पाण्याची टाकी आपणच दिली आहे. तुम्ही तिच्यावर छान चित्रे काढा, सुविचार लिहा, झाला प्रकल्प. आणि खरेच, आदल्या वर्षी विहाराच्या वतीने आम्ही त्या शाळेत स्टीलची, गाळणी बसवलेली टाकी दिली होती. नारळ फोडला होता, फोटो काढला होता. टाकीवर पितळी पाटीही लावली होती. त्या पाटीसाठी आम्ही वर्गणीतून वेगळे पैसे काढले होते, हेही आज सांगून टाकतो.

मुलांनी हो म्हटले आणि गेली. पण त्यांनी चित्रे काढली नाहीत. त्यांनी आठ दिवस एक वही घातली. शाळा सुटताना दारात उभे राहायचे आणि मुलामुलींच्या बाटल्या बघायच्या. कुणाची रिकामी, कुणाची अर्धी, कुणाची भरलेली, एवढेच लिहायचे. आठ दिवसांनी वही आमच्यापुढे ठेवली. मुलग्यांच्या बाटल्या बहुतेक रिकाम्या. मुलींच्या बहुतेक भरलेल्या. सकाळी घरून भरून नेलेले पाणी संध्याकाळी तसेच घरी परत येत होते.

आम्ही काय म्हणालो असू? “आजकालच्या पोरींना पाणी प्यायचा पण आळस.” हे आमचे शब्द. आमच्या शेजारी बसलेले दोघेतिघे हसले.

तेव्हा त्या गटातली एक मुलगी काही न बोलता उठली आणि महिला मंडळाच्या ताईंकडे गेली. जे आमच्यासमोर सांगता येईना ते तिने ताईंना सांगितले. मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही. एकीने आत जायचे तर दुसरीने बाहेर दार धरून उभे राहायचे. आत नळ आहे, पाणी नाही. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आणि महिन्याच्या त्या चार दिवसांत कित्येक जणी शाळेतच येत नाहीत.

बंधू-भगिनींनो, आम्ही टाकी दिली तेव्हा एकाही मुलीला विचारले नव्हते. पाटीवर नावे कुणाची घालायची यावर आमच्या दोन बैठका झाल्या होत्या.

पाणी हा आपल्या माणसांसाठी साधा विषय नाही. बाबासाहेब साताऱ्याला लहानपणी शाळेत होते तेव्हा त्यांना नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ उघडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जे झाले ते आपण दर वर्षी सांगतो. गिरणीतही पाणी होतेच. पाण्याच्या जागा वेगळ्या असत, असे आमचे आजोबा सांगायचे. विणाईखात्यात आपल्या लोकांना घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. हे सगळे आम्हाला पाठ आहे, यावर आम्ही तास तास बोललो आहोत. आणि आमच्याच शेजारच्या शाळेत आमच्याच मुली पाणी असून तहानलेल्या राहत होत्या, ते आम्हाला दिसले नाही. पूर्वी आडवा यायचा तो शिवाशिवीचा नियम. आता आडवी आली दाराची नसलेली कडी. कारण वेगळे, पण घसा कोरडा तो कोरडाच.

यानंतर खरा वाद झाला. एका मुलाने सुचवले, आपणच शनिवारी संडास धुऊ, कडी लावू, प्रकल्प पूर्ण होईल. हे ऐकून विहारात एकदम आवाज चढले. एक ज्येष्ठ उपासक उभे राहिले आणि म्हणाले, “आमच्या बापजाद्यांनी हेच केलं. बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं. आता शाळेत पाठवलेल्या पोरांच्या हातात पुन्हा झाडू देता का?” कुणी म्हणाले, स्वतःची घाण स्वतः काढण्यात लाज कसली? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. आम्हालाही काय बोलावे ते सुचेना.

उत्तर काढले ते मुलांनी. ती म्हणाली, कडी आम्ही लावतो, ते सुतारकाम आहे. धुणे आम्ही करणार नाही, ते शाळेचे काम आहे, त्यासाठी माणूस नेमलेला असतो. पण तो येतो का, कधी येतो, पाणी किती वाजता येते, हे आम्ही रोज वहीत लिहू. मग ती त्या सफाई कामगाराला जाऊन भेटली. तो कंत्राटावरचा, आपल्यातलाच माणूस. त्याच्याकडे एकट्याकडे सगळे मजले, आणि नळाला पाणी सकाळी थोडाच वेळ. तो म्हणाला, “पोरांनो, तक्रार करा, पण माझं नाव घालू नका, माझी रोजी जाईल.” मुलांनी अर्ज लिहिला त्यात त्याच्याविरुद्ध एक अक्षर नव्हते. उलट आणखी एक माणूस द्या, आणि वरच्या टाकीची जोडणी संडासाच्या नळाला द्या, अशी मागणी होती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शाळेत पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, असे त्यात आहे. ताईंनी तेवढे वाक्य अर्जात घालायला लावले.

कडी एका मुलाच्या वडिलांनी लावली. कडी, खिळे, एक बादली, एक मग. सगळा खर्च आमच्या पितळी पाटीपेक्षा कमी झाला. नळाच्या जोडणीला मात्र चार महिने लागले. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, पण कागद वरच्या ऑफिसात अडकत होता. मुले दर पंधरा दिवसांनी वहीची नक्कल जोडून स्मरणपत्र देत राहिली. अखेर पाणी आले. पुन्हा आठ दिवस बाटल्या मोजल्या, तेव्हा मुलींच्या बाटल्या रिकाम्या येऊ लागल्या होत्या.

सगळेच साधले असे नाही. वहीच्या मागच्या पानांवर मुलांनी न येणाऱ्या मुलींची यादी केली होती. त्यांतली एक आपल्याच चाळीतली. मुले तिच्या घरी तीनदा गेली. ती आईबरोबर धुण्याभांड्याच्या कामावर जाऊ लागली होती, ती परत आली नाही. त्या दिवशी एका मुलाने आम्हाला विचारले, “काका, तुमच्या घरी तेव्हा कोणी आलं असतं, तर तुम्ही परत गेला असता का?” आम्हाला उत्तर देता आले नाही. आजही नाही. पण विचारायला कोणी आले होते एवढे तरी त्या मुलीला आयुष्यभर आठवेल. आमच्याकडे तेवढेही नाही.

विद्यार्थ्यांनी असे काम करणे ही काही आजची नवलाई नाही. १८४८ मध्ये इथल्या एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आपली एक सभा काढली. दादाभाई नौरोजी त्या तरुणांपैकी एक. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या, आणि सभासद स्वतः बिनपगारी शिकवायला जात. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये इथे परळलाच बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. त्या सभेने सोलापूरला वसतिगृह चालवले, मुंबईत मोफत वाचनालय काढले, तरुण मुले दारू-जुगारापासून दूर राहावीत म्हणून हॉकीचा संघसुद्धा काढला. सोलापूरच्या वसतिगृहातली मुले ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढत. लक्षात घ्या, मासिक मुलांचे होते. त्यांच्या हातात काम दिले होते.

आणि इथेच आमची दुसरी चूक. २०२४ मध्ये गटातली मुले दहावीत गेली, अभ्यास वाढला. आम्ही म्हटले, आता हे काम आम्ही मोठे सांभाळतो. अध्यक्ष नेमला, चिटणीस नेमला, वहीला कव्हर घातले. पहिल्या महिन्यात वही भरली. दुसऱ्या महिन्यात अर्धी. पुढे दिवाळी आली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी आली आणि वही कपाटात गेली. दाराची कडी पुन्हा तुटली होती, ते आम्हाला दोन महिन्यांनी एका सातवीतल्या मुलीकडून कळले. आम्ही नऊ पदाधिकारी होतो. एकालाही त्या दारातून आत जावे लागत नव्हते. ज्याला रोज त्या दाराशी उभे राहावे लागते त्याच्याच ध्यानात कडी राहते.

ती वही आता त्या सातवीतल्या मुलीकडे आणि तिच्या गटाकडे आहे. कडी नवी लागली आहे.

म्हणून आज आपल्याकडे तीन मागण्या करतो. पहिली, मुलांची वही मुलांकडेच राहू द्या. आठवीने सातवीला शिकवावी आणि मग पुढे जावे. आपण फक्त वाचावी आणि त्यांच्याबरोबर ऑफिसात जावे. दुसरी, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात, हा कायदा आहे. इथे बसलेल्या मातांनी पुढच्या वेळी त्यात नाव द्यावे. नुसती सही करून परत येऊ नये, मुलींना विचारून जावे. तिसरी, कोणतेही मूल आठ दिवस शाळेत दिसले नाही तर विहारातल्या कुणीतरी त्याच्या घरी जावे. उपदेश करायला नको, विचारायला जावे.

आणि वर्गणीचे म्हणाल तर यंदापासून पाटीला पैसे नाहीत. कडी, बादली, बल्ब यांना आहेत.