नर-मादीचा टाइमलॅप्स आणि रेंजचा खेळ

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

मागच्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आलाय. "दादा, कॅमेरा लांब कुठंतरी लावून ठेवायचा, घरी बसून मोबाईलवरून चालवायचा आणि पावसाळाभराचा टाइमलॅप्स काढायचा. पण कनेक्शन टिकत नाही. अॅप म्हणतं, कॅमेरा सापडत नाही." तर आज यावरच बोलू. हवेत बोलण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातली एक जागा समोर ठेवू, म्हणजे खरी अडचण कुठं येते ते कळेल.

जागा कुठली? नळदुर्ग. किल्ला आणि रणमंडळ यांच्या मधोमध बोरी नदीवर आदिलशाहीच्या काळात बांध घातलाय. त्या बांधाच्या पोटातच पाणी महाल आहे. बांध भरून वाहायला लागला की दोन धारा पडतात, एक नर आणि एक मादी. रील तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. पण रीलमध्ये काय दिसतं? धबधबा आधीच चालू असतो. मला बघायचंय ते त्याच्या आधीचं. जूनमधला कोरडा दगड, मग हळूहळू चढणारं पाणी, मग पहिली धार.

आणि इथंच गंमत आहे. वरचं बोरी धरण भरून त्याच्या सांडव्यावरून पाणी आलं की नर-मादी वाहतात. कधी ऑगस्टमध्ये, कधी सप्टेंबरमध्ये, आणि पाऊस दगा देणाऱ्या वर्षी नाहीच. म्हणजे तुम्हाला हवी असलेली फ्रेम वर्षातून एकदा येणार, कधी येणार ते माहीत नाही, आणि त्या दोन तासांत कॅमेरा बंद असला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. रिटेक नाही.

म्हणून पहिली गोष्ट, आणि आजच्या भागातलं बाकी काही विसरलात तरी एवढी ठेवा. शटर रेंजच्या भरवशावर सोडायचं नाही.

बहुतेक जण काय करतात? फोनमधल्या अॅपमध्ये टायमर लावतात. दर पाच मिनिटांनी फोन वायफायवरून कॅमेऱ्याला सांगतो, "काढ फोटो." कनेक्शन तुटलं की हुकूम पोचत नाही, फोटो जातो. त्यापेक्षा टायमर कॅमेऱ्यातच लावा. बऱ्याच मिररलेस, डीएसएलआर आणि अॅक्शन कॅमेऱ्यांत इंटरव्हल शूटिंग असतंच. नसेल तर वायरने जोडायचा इंटरव्हलोमीटर मिळतो. कॅमेरा फोटो काढून कार्डावर टाकत राहील. वायरलेसचं काम फक्त डोकावून बघण्याचं आणि लागलंच तर सेटिंग बदलण्याचं. रेंज आठ दिवस गेली तरी तुमचा टाइमलॅप्स थांबत नाही, फक्त तुम्हाला तो दिसत नाही. या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

येडशीचा वाघ आठवतोय ना? डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला. अंगावरच्या पट्ट्यांवरून कळलं की हा यवतमाळच्या टिपेश्वरचा, जवळपास ५०० किलोमीटर चालून आलेला. साधा कॅमेरा ट्रॅप काय करतो? समोर हालचाल झाली, फोटो काढला, कार्डावर ठेवला, झोपला. माणूस नंतर येऊन कार्ड काढतो. समोर वाघ असताना तो टॉवर शोधत बसत नाही.

जगातलं उदाहरण हवं असेल तर जेम्स बेलॉग. या छायाचित्रकारानं २००७ मध्ये ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का इथल्या हिमनद्यांसमोर टाइमलॅप्स कॅमेरे लावले. 'चेसिंग आइस' नावाची डॉक्युमेंटरी आहे, २०१२ ची, नक्की बघा. त्यात दिसतं की सुरुवातीला त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते कॅमेऱ्याला वेळेवर जागं करणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक्सनं. बर्फ आणि वाऱ्याचा त्रास होताच, पण मूळ दुखणं टायमरचं. म्हणून म्हणतो, पैसे मोजके असतील तर आधी टायमर आणि बॅटरी, मग अँटेना.

आता आकडे बघू. सकाळी ६ ते संध्याकाळी ७, म्हणजे १३ तास. दर ५ मिनिटांनी एक फोटो धरला तर दिवसाला १५६. शंभर दिवसांचे १५,६००. सेकंदाला २५ फ्रेम लावल्या तर साधारण साडेदहा मिनिटांचा व्हिडिओ. एक फोटो ४ एमबीचा धरला तर सगळे मिळून ६२ जीबीच्या आसपास. १२८ जीबीच्या एका कार्डात आरामात बसतात. मग ते इंटरनेटवरून पाठवायचा अट्टाहास कशाला? पावसात रेंज उतरली आणि अपलोडचा वेग अर्धा एमबीपीएसवर आला तर एका फोटोला मिनिटाच्या वर लागतं. दिवसभराच्या फोटोंना पावणेतीन तास. तेवढा वेळ राउटर चालू, तेवढी बॅटरी खाली. त्यापेक्षा तासाला एक छोटा फोटो पाठवा, १०० केबीचा. दिवसाला दीड एमबीसुद्धा होत नाही, आणि पाणी चढतंय का, लेन्सवर कोळ्यानं जाळं विणलंय का, एवढं कळायला तो पुरतो.

बरं, आता त्या "कॅमेरा सापडत नाही"कडे येऊ. कॅमेरा वायफाय दोन तऱ्हांनी वापरतो. एकात तो स्वतः हॉटस्पॉट होतो आणि तुमचा फोन त्याला जोडला जातो. पण त्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नसतं. फोन दोन मिनिटांत म्हणतो, "या नेटवर्कवर इंटरनेट नाही," आणि गुपचूप मोबाईल डेटावर किंवा घरच्या वायफायवर उडी मारतो. तुम्ही अॅपला शिव्या घालता, अॅप बिचारं निर्दोष. तुम्ही जवळ उभे असाल तर उपाय सोपा आहे. "तरीही जोडलेलं ठेवा" निवडा, तेवढ्यापुरता मोबाईल डेटा बंद करा, लोकेशन चालू ठेवा, कारण अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये त्याशिवाय अॅपला आजूबाजूचे वायफाय दिसतच नाहीत. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये त्या अॅपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी दिलीय का ते बघा. ब्लूटूथही चालू ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत झोपलेल्या कॅमेऱ्याला हाक मारायचं काम ब्लूटूथ करतं आणि फोटो वायफायवरून येतो. दोघांची कामं वेगळी आहेत.

पण आपण तिथं उभे राहणार नाही. लांबून चालवायचं तर दुसरी तऱ्हा घ्या. डब्यात सिमचा छोटा ४जी राउटर ठेवा आणि कॅमेरा त्या राउटरला जोडा. कॅमेऱ्याच्या मेनूत हा पर्याय आहे का, हे विकत घेण्याआधी बघा. सगळ्यांत नसतो. आणि अजून एक तपासा. काही कॅमेऱ्यांत इंटरव्हल शूटिंग चालू असताना वायफाय बंदच होतं. मग सरळ मार्ग असा की मुख्य कॅमेऱ्याला त्याचं काम करू द्यायचं आणि शेजारी घरातला जुना फोन पहारेकरी म्हणून ठेवायचा. तो त्याच जागेचा तासाला एक फोटो पाठवेल. मला स्वतःला हीच मांडणी आवडते. दिसायला जुगाड आहे, पण दोघं एकमेकांवर अवलंबून नाहीत. फक्त डबा पांढरा असू द्या आणि सावलीत ठेवा. जूनच्या उन्हात बंद डब्यात फोनची बॅटरी फुगते.

डबा पत्र्याचा नको, प्लास्टिकचा घ्या. पत्रा सिग्नल अडवतो. आणि शक्यतो २.४ गिगाहर्ट्झ वापरा, ५ नको. वेग कमी मिळतो, पण ते लांब जातं आणि झाडझाडोऱ्यातून बरं निघतं.

आता समजा रेंज डब्याजवळ नाही, पण समोरच्या वस्तीवर आहे. मग दोन दिशादर्शक अँटेना समोरासमोर लावून वायफायचा पूल करता येतो. गावात वायरलेस इंटरनेट देणारे छतावर थाळीसारखं लावतात ना, तेच. इथं शेतकऱ्याच्या पोरांनी कान द्या. पेरणीच्या वेळी तुम्ही हे लावता, समोर मोकळं रान, सिग्नल फुल. ऑगस्टच्या शेवटी सिग्नल गायब. राउटर बिघडलेला नसतो, मध्ये ऊस उभा राहिलेला असतो! नुसती नजरेची रेघ मोकळी असून भागत नाही. एक किलोमीटर अंतर असेल तर ५.८ गिगाहर्ट्झला मधोमध त्या रेघेच्या भोवती साधारण साडेतीन मीटर जागा मोकळी लागते. ओली पानं तर सिग्नल पिऊन टाकतात. त्यामुळं अँटेनाची उंची जूनच्या रानाकडे बघून ठरवू नका, सप्टेंबरचं पीक डोळ्यांसमोर आणा.

सिमबद्दल तीन गोष्टी. पहिली, कंपनी कुठली घ्यायची हे जाहिरातीवर ठरवू नका. त्या जागेवर दोन-तीन मित्रांचे फोन घेऊन जा, संध्याकाळी जा, आणि डाउनलोड नाही, अपलोडचा वेग मोजा. ई-पीक पाहणीसाठी बांधावर हात वर करून फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरी, बाहेरून थेट कॅमेऱ्याला हाक मारता येईल या भ्रमात राहू नका. मोबाईल नेटवर्कवर बहुतेक वेळा हजारो ग्राहक एकाच पत्त्याच्या मागे असतात, याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही युट्यूब बघून पोर्ट फॉरवर्डिंग करत बसाल आणि काहीच होणार नाही. उलट डब्यातल्या यंत्रानंच बाहेर फोन लावायचा. टेलिग्रामच्या बॉटला फोटो पाठवायचा, किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएननं जोडून राहायचं. तिसरी, रिचार्ज. ८४ दिवसांचा प्लॅन शंभर दिवस चालत नाही. हसू नका. नर-मादी नेमके पंच्याऐंशीव्या दिवशी सुटू शकतात.

आता वीज. शेतातल्या लाईटचं वेळापत्रक मी तुम्हाला काय सांगू! कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. म्हणून बॅटरी धरूनच चला. ४जी राउटर साधारण ५ वॅट खातो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. राउटर अखंड चालू ठेवला तर पुरते सतरा तासही नाही. तोच राउटर टायमरनं दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं चालू केला तर दिवसाला ५ वॅट-तास, दहा-बारा दिवस निघतात, सोबत छोटं सोलर पॅनेल असेल तर ढगाळ आठवडाही पार पडतो. मग तासाचा फोटो दिवसातून तीन गठ्ठ्यांत येईल. येऊ द्या. टायमरचा दुसरा फायदा असा की राउटर हँग झाला तरी पुढच्या पाळीला तो बंद होऊन नव्यानं सुरू होतो. शंभर दिवसांत तो कधीतरी हँग होणारच, आणि तेव्हा बटण दाबायला तुम्ही तिथं नसता.

घड्याळ सांगायचं राहिलं. कॅमेऱ्यांत फाईलचा नंबर बहुधा ९९९९ ला संपतो आणि परत १ पासून सुरू होतो. आपले फोटो १५,६००. म्हणजे नावानं लावले तर ऑगस्टचे फोटो जूनमध्ये घुसणार. लावायचे तारीख-वेळेनं, आणि त्यासाठी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. बॅटरी पूर्ण संपून परत सुरू झालेलं काही यंत्र तर थेट १ जानेवारी १९७० सांगतं. दर आठवड्याला कार्ड बदलायला जाल तेव्हा फोनशी घड्याळ मिळवून घ्या. हो, आठवड्याला एक चक्कर हवीच. लेन्स पुसायला वायरलेस अजून निघालेलं नाही.

आणि परवानगी. किल्ला संरक्षित स्मारक आहे. तटबंदीत खिळा ठोकणं, कोनाड्यात डबा चिकटवून येणं, हे चालणार नाही. पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर समोरच्या खाजगी रानातून, मालकाला विचारून, लांबची लेन्स लावा. फ्रेममध्ये लोकांचा नदीचा घाट किंवा कुणाचं अंगण येत नाही ना ते बघा. राउटरचा आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि वायफायला 'नळदुर्ग कॅमेरा' असलं नाव देऊ नका. ते नाव वाचून पहिला चोर डबा शोधत येईल. माकडांना नाव वाचता येत नाही, पण रामलिंगला गेलेल्यांना ठाऊक आहे की त्यांना डबा उघडता येतो. तिथं कुलूप लावा.

सगळं जमलं की आधी घराच्या गच्चीवर तीन दिवस चालवून बघा. त्यात मुद्दाम एक रात्र सिम काढून ठेवा. सकाळी कार्डावर सगळे फोटो सापडले तर सामान गाडीत टाका. पुढच्या भागात हे हजारो फोटो जोडताना उजेडाचं लुकलुकणं कसं काढायचं ते बघू. तोपर्यंत तुमच्या गावातली अशी कुठली जागा आहे ते व्हॉइस नोट करून पाठवा. चला, भेटू.