साध्या गाठीवरचे किरण आणि उशिरा उद्भवणारा कर्करोग

मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा, पिट्युटरी ग्रंथीतील अ‍ॅडिनोमा आणि ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या नसेवरचा श्वानोमा या बहुतेक वेळा साध्या गाठी असतात. त्या शरीरात इतरत्र पसरत नाहीत. पण कवटीत जागाच थोडी, त्यामुळे दृष्टी, श्रवण किंवा हॉर्मोन बिघडवायला त्या पुरेशा ठरतात. शस्त्रक्रियेने गाठ पुरती निघत नसेल किंवा शस्त्रक्रियाच जोखमीची असेल, तर किरणोपचार दिले जातात. किरणांनी पेशीतील डीएनएचे धागे तुटतात आणि गाठीची वाढ थांबते. वाटेतील निरोगी पेशींनाही थोडा मारा बसतो. त्यांतल्या बहुतेक सावरतात, काही मरतात. एखादी मात्र तुटलेले धागे चुकीचे जोडून घेऊन जगते, आणि तिच्या वंशात पुढे कधीतरी नवी गाठ उद्भवू शकते.

हे ‘कधीतरी’ किती लांबचे असते, याचा सर्वांत ठोस पुरावा मेंदूच्या गाठींच्या उपचारातून नव्हे, तर डोक्यातल्या खवड्यांच्या उपचारातून मिळाला. १९४८ ते १९६० या काळात इस्राएलमध्ये हजारो मुलांना, प्रामुख्याने उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना, क्ष-किरण देण्यात आले. केस भादरायचे, उरलेले मेण लावून उपटायचे, डोक्याचे पाच भाग पाडायचे आणि रोज एका भागावर किरण सोडायचे, अशी पद्धत होती. खवड्यांवर गोळ्यांचे प्रभावी औषध तेव्हा उपलब्ध नव्हते, त्यामुळे पद्धत सर्वमान्यच होती. मेंदूला सरासरी दीड ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) एवढीच मात्रा मिळाली. एलेन रॉन, बारुख मोदान आणि सहकाऱ्यांनी अशा १०,८३४ जणांचा मागोवा घेऊन १९८८ मध्ये निष्कर्ष छापले. किरण न मिळालेल्यांच्या तुलनेत मेनिंजिओमाचे प्रमाण सुमारे साडेनऊपट, तर मेंदूच्या आधारपेशींतून वाढणाऱ्या ग्लायोमाचे अडीचपटीहून अधिक निघाले. पुढील पाहणीत तीस वर्षांनंतरही धोका वाढलेलाच दिसला. किरणांमुळे होणाऱ्या गाठींत पुन्हा मेनिंजिओमाच पुढे, हा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा. त्यामानाने घातक ग्लायोमा कमी.

पिट्युटरीच्या गाठींना मात्रा बरीच मोठी लागते, साधारण ४५ ग्रे, तीही पाच आठवड्यांत विभागून. लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयातील ३३४ रुग्णांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुसऱ्या मेंदूगाठीचा धोका दहा वर्षांत १.३ टक्के आणि वीस वर्षांत १.९ टक्के आढळला. हा आकडा किंचित फुगलेला असू शकतो: अशा रुग्णांचे स्कॅन इतरांपेक्षा वारंवार होतात, त्यामुळे लक्षण नसलेल्या गाठीही सापडतात.

स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी विकसित केलेल्या गामा नाइफ या किरणयंत्रात चित्र पालटते. अनेक बारीक किरणशलाका एकाच बिंदूवर जुळवल्यामुळे गाठीबाहेरची मात्रा झपाट्याने घसरते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात ४,९०५ रुग्णांची नोंद तपासली गेली. साध्या गाठीचे घातक रूपांतर आणि किरणांमुळे नव्याने झालेला मेंदूचा कर्करोग, दोन्ही मिळून दहा वर्षांतील धोका सुमारे ०.०४५ टक्के निघाला. या आकड्यावर निर्धास्त राहणे मात्र घाईचे ठरेल, कारण खवड्यांच्या मुलांचा हिशेब दहा वर्षांत पुरा झाला नव्हता.

सगळ्यांचा धोका सारखा नसतो. लहान वयात किरण मिळाले तर तो वाढतो. पुढे आयुष्य मोठे असते आणि वाढत्या मेंदूच्या पेशी जास्त नाजूक असतात. एनएफ-२ या आनुवंशिक आजारात पेशींतील गाठरोधक जनुक आधीच सदोष असते, म्हणून अशा रुग्णांत किरणांचा निर्णय फार जपून घेतात. मुलांसाठी प्रोटॉन उपचाराचा विचार होतो, कारण गाठीपलीकडे त्याची मात्रा जवळजवळ जात नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात ती सोय आहे. सत्तरीतल्या रुग्णाला मात्र हा दूरचा धोका सहसा नगण्यच.

नवी गाठ किरणांमुळेच झाली, हे ठरवणे सोपे नसते. १९४८ मध्ये काहान आणि सहकाऱ्यांनी हाडांच्या सार्कोमासाठी मांडलेले निकष आजही वापरतात: गाठ किरण दिलेल्या जागीच हवी, मध्ये बरीच वर्षे गेलेली हवीत आणि पेशींचा प्रकार मूळ गाठीहून वेगळा हवा. साधी गाठ किरणांविनाही क्वचित घातक होते, म्हणून शेवटची अट महत्त्वाची. पहिल्या अटीसाठी मात्रेची आणि क्षेत्राची जुनी नोंद लागते, आणि तोवर रुग्णालयाचे दप्तर बहुधा हाती लागत नाही. उपचाराचा सारांश रुग्णाने स्वतःच्या फाइलमध्ये जपला असेल, तर वीस वर्षांनंतरच्या एमआरआयवर दिसणाऱ्या ठिपक्याची जागा त्याच्याशी ताडून पाहता येते.