जीवदया आणि मांजरेचे मासे



जैन गृहात पाणी गाळण्याची प्रथा प्राचीन आहे. तिचा उत्तरार्ध मात्र विस्मरणात जात आहे. गाळणीच्या वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव, ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत जपून परत सोडावेत, असा दंडक आहे. प्रत्येक जीवाचे स्वतःचे पाणी असते, हा त्यामागील विचार. मत्स्यरक्षणाचे सूत्रही हेच आहे.

घाटनांदूर परिसराला जवळची मोठी नदी मांजरा. पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून ती पुढे गोदावरीस मिळते. मरळ, वाम, शिवडा हे या खोऱ्यातील देशी मासे. मरळाचे नर-मादी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करतात. पावसाळ्यात मोठा मरळ मारला की पिलेही पोरकी होऊन नष्ट होतात. शिवडा तर २०१९ साली जागतिक पातळीवर ‘असुरक्षित’ ठरला.

उन्हाळ्यात माशांना आसरा डोहांचा. वाळूउपशाने डोह नाहीसे होतात, बंधाऱ्यांनी वरच्या पाण्याची वाट अडते. २०१६ साली धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसासाठी रेल्वे आली. जलचरांसाठी एखादा खोल डोह हाच आधार होता.

दुसरे संकट परक्या माशांचे. मूळचा आफ्रिकेतील तिलापिया १९५२ साली भारतात आला. आफ्रिकन मागूर अत्यंत खादाड. केंद्र शासनाने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन पुण्यबुद्धीने नदीत सोडताना त्यांत असे मासे गेले, तर एका जीवाच्या अभयदानातून असंख्य जीवांची हानी होते. विवेकावाचून केलेली दया अशी उलटते.

रायगड जिल्ह्यातील वाळण येथे काळ नदीच्या कोंडीतील मासे वरदायिनी देवीचे मानून ग्रामस्थांनी राखले आहेत. तेथे श्रद्धेनेच अभयारण्य उभे केले. मांजरेकाठीही एखादा डोह असा राखता येईल. त्यासाठी नदीवर पोट असलेल्या भोई बांधवांना दोष न देता सोबत घेणे आवश्यक आहे. बीजमासे वाचले तरच त्यांचे जाळेही भरेल.

दिगंबर परंपरेत अठरावे तीर्थंकर भगवान अरनाथ यांचे लांछन मत्स्य आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेच्या जीवदया निधीतील काही वाटा एका डोहाच्या रक्षणास लाभावा, हीच त्या लांछनास साजेशी वंदना ठरेल.

जय जिनेंद्र.