संकटसमयीचा दूरध्वनी : अग्रक्रम कोणाला?

(आपत्ती निवारणासंबंधीच्या एका जिल्हास्तरीय प्रशिक्षणवर्गात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्याच्या तोंडावर भरलेल्या या वर्गात बोटी, दोर, औषधे आणि धान्यसाठा यांविषयी आपण सकाळपासून पुष्कळ ऐकले. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. शिवाय मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्रात मला अधिकार नाही. तथापि आजचा प्रश्न निम्माच यंत्राचा आहे, उरलेला निम्मा माणसांचा आहे. बोलण्याचे मार्ग मोजके आणि बोलू इच्छिणारे अनेक, अशा वेळी आधी कोणी बोलावे, हा तो प्रश्न होय.

आपल्यापैकी ज्येष्ठांना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे वर्ग असत. लाइटनिंगला कितीतरी पट आकार पडे आणि तो आधी जोडून मिळे. म्हणजे अग्रक्रम तेथेही होता, परंतु तो पैसे मोजून घ्यावा लागे. बाजारभाव विचारणारा व्यापारी पुढे जाई आणि आजाऱ्याची खबर कळवू पाहणारा गरीब माणूस तारघराच्या बाकावर ताटकळत बसे.

वीज, रेल्वे, धरणे यांसारख्या सेवांना हा हिशेब परवडण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःची खाजगी दूरध्वनी जाळी उभारली. विजेचेच उदाहरण घेऊ. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्याचे विभाजन होऊन पारेषणाचे काम महापारेषणकडे आले. या यंत्रणेत दोन उपकेंद्रांमधील संभाषण दीर्घकाळ उच्चदाब वाहिनीच्या तारेवरूनच चालत आले आहे. आपल्या तालुक्याजवळच्या मोठ्या उपकेंद्रात वाहिनी जेथे शिरते, तेथे पिंपाच्या आकाराचे एक वेटोळे टांगलेले आपण पाहिले असेल. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. ते पन्नास हर्ट्झची वीज पुढे जाऊ देते आणि त्याच तारेवरून आलेला उच्च कंप्रतेचा संदेश अडवून दूरध्वनीच्या यंत्राकडे वळवते. या व्यवस्थेत एका मार्गाला जेमतेम चार हजार हर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळतो. त्यातच बोलणे, त्यातच आकडे आणि त्यातच वाहिनीच्या संरक्षणाचे संकेत. वाहिनीवर बिघाड झाला की पलीकडच्या टोकाला ‘वीज तोडा’ असा संकेत धाडावयाचा असतो. अनेक यंत्रांत तेवढ्या क्षणापुरते माणसांचे बोलणे आपोआप मुके होते आणि सारी शक्ती त्या संकेताला दिली जाते. बोलणाऱ्याचा हुद्दा कोणता, हे यंत्र विचारत नाही. मला ही गोष्ट फार आवडली.

माणसामाणसांतील अग्रक्रम ठरविणे याहून अवघड. नवी मुंबईत ऐरोली येथे राज्याचे भारप्रेषण केंद्र आहे. कोणती वाहिनी केव्हा बंद करावयाची, केव्हा चालू करावयाची, याचा आदेश तेथील अभियंता दूरध्वनीवरून देतो आणि त्या आदेशाला एक संकेतांक देतो. हा सोपस्कार कोरडा वाटेल. पण मनोऱ्यावर माणूस काम करीत असताना चुकून वाहिनी चालू झाली तर काय होईल, हे सांगावयास नको. आता असे समजा की, हा आदेश जावयाचा आहे आणि मधल्या एकुलत्या मार्गावर दोन कर्मचारी रजेच्या अर्जाविषयी बोलत आहेत. अशा वेळेसाठी केंद्रयंत्रात प्रत्येक दूरध्वनीची पायरी आधीच नोंदवून ठेवलेली असते. वरच्या पायरीवरून मागणी आली आणि मार्ग रिकामा नसला, तर बोलणाऱ्या दोघांना सूचनेचा सूर ऐकू येतो आणि त्यांचे बोलणे तोडून मार्ग दुसऱ्याला दिला जातो. मात्र मागणी चार केंद्रांतून जावयाची असेल, तर ती पायरी चारही केंद्रांना उमगली पाहिजे. तीन ठिकाणी मान मिळालेला कॉल चौथ्या ठिकाणी साधा ठरला, तर पहिल्या तिन्ही ठिकाणची तजवीज फुकट जाते.

अमेरिकेच्या सैन्याने १९६० च्या दशकात ‘ऑटोव्हॉन’ नावाचे असेच जाळे उभारले होते. त्याच्या दूरध्वनीवर नेहमीच्या बटणांशेजारी चार जादा बटणे असत : प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश आणि फ्लॅश ओव्हरराइड. साध्या कामाला यांपैकी एकही दाबावयाचे नसे. या कॉलची निकड कोणती, हे परवानगीच्या मर्यादेत बोलणाऱ्यानेच ठरवावयाचे. ही रीत शिस्तीच्या सैन्यात चालू शकते. आपल्या कचेऱ्यांत अशी बटणे दिली, तर कोणते बटण सर्वांत आधी झिजेल, याचा अंदाज आपण करू शकता.

मी हे दुसऱ्यांना हसण्यासाठी सांगत नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात, एका पावसाळ्यात, माझी नेमणूक एका पूरनियंत्रण कक्षात होती. सायंकाळच्या वृत्तासाठी मला पर्जन्यमानाचे आकडे हवे होते. कक्षातील अंतर्गत दूरध्वनीवरून मी ते एकेक करून लिहून घेत होतो. मध्येच कानात सूर वाजला. मी दुर्लक्ष केले. पुन्हा वाजला आणि बोलणे तुटले. मी रागारागाने केंद्रचालकाकडे गेलो आणि शासनाचे काम अडवल्याबद्दल त्यांना बरेच बोललो. त्यांनी हातानेच थांबण्याची खूण केली. धरणावरून दरवाजे उचलण्याची वर्दी ते उतरवून घेत होते. खालच्या अंगाला नदीकाठी वस्ती होती आणि तेथवर पाणी पोहोचण्यास फार वेळ लागणार नव्हता. माझे आकडे रात्री मिळाले, वृत्तात एक दिवस उशिरा आले, आणि त्याविषयी कोणीही तक्रार केली नाही.

आता मनोऱ्यांच्या शिरोभागी जाणाऱ्या भूतारेत प्रकाशतंतू बसविले आहेत. जेथे एक मार्ग होता तेथे शेकडो झाले. मग अग्रक्रमाची गरज संपली, असे काहींना वाटते. परंतु मार्ग वाढले तरी भारप्रेषण केंद्रातील अभियंत्याला कान दोनच आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. अशा प्रसंगी वीज एका कळीने परत येत नाही. औष्णिक संच सुरू करण्यासाठीच आधी बाहेरची वीज लागते. जलविद्युत संच थोडक्या विजेवर सुरू होतात, म्हणून आरंभ पुष्कळदा त्यांच्यापासून होतो. मग एकेक वाहिनी, एकेक उपकेंद्र, आणि भार बेताबेताने. घाई झाली तर उभे केलेले पुन्हा कोसळते. या प्रत्येक पावलाला विचारणे आणि सांगणे असते. त्याच घटकेला ‘वीज केव्हा येणार?’ असे विचारणारे दूरध्वनी चहूकडून येत असतात, आणि त्यांत अधिकारपदावरची माणसे थोडी नसतात. पाय‍ऱ्या कामाला द्यावयाच्या, खुर्चीला नव्हे, हे तत्त्व शांततेच्या दिवशी सर्वांना मान्य असते. म्हणून यादी शांततेच्याच दिवशी करून ठेवावी लागते, आणि बदल्या झाल्या की तपासावी लागते. निवृत्त झालेल्या साहेबांच्या निवासस्थानी वरच्या पायरीचा दूरध्वनी राहून जाणे अशक्य नाही.

पंचायत सदस्यांना एक सांगतो. वादळाच्या रात्री गाव अंधारात जाते. आपण उपकेंद्राचा क्रमांक फिरवता. घंटा वाजत राहते, कोणी उचलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ‘तेथे झोपा काढतात’ असे बोलले जाते. कधी तसे घडतही असेल. पण बहुधा त्या खोलीत एकच माणूस असतो, टेबलावर दोन यंत्रे असतात, आणि त्याच्या हाती अंतर्गत दूरध्वनी असतो. तो संकेतांक लिहून घेत असतो, आणि लिहिलेला अंक पुन्हा वाचून दाखवीत असतो.