वर्गणी भरून मिळतं काय?



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : व्यावसायिक संघटनांनी आपल्या सदस्यांना अधिक उपयोगी कसं व्हावं. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या बाकांवरून "काहून वो, हे कायले?" असा आवाज आला, तो मला ऐकू आला. तीस वर्षांत मागचे बाक सुधारलेले नाहीत. पण प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या संघटनेची वर्गणी भरतात. डॉक्टर, सीए, वकील, इंजिनिअर, शिक्षक, सगळेच. ती कशासाठी भरतो, असं विचारलं तर बहुतेक जण हसतात. आणि आज जेवणानंतरच्या सभेत आपल्याच माजी विद्यार्थी संघाची वर्गणी ठरायची आहे, म्हणून हा विषय जेवणाआधी झालेला बरा.

मी सुरुवात माझ्या वडिलांपासून करते, कारण संघटनेचा खरा उपयोग मी आधी घरातच पाहिला. बाबा डिप्लोमा झालेले, इथे अकोल्यात सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता. घरची परिस्थिती अशी की डिग्रीसाठी नोकरी सोडणं शक्य नव्हतं. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० सालची संस्था, मुख्यालय कोलकात्याला. तिची एएमआयई नावाची परीक्षा होती. सेक्शन ए आणि सेक्शन बी, वर्षातून दोनदा पेपर, अभ्यास घरी बसून. ती पास झाली की केंद्र सरकार नोकरीसाठी इंजिनिअरिंगच्या पदवीबरोबरीची मानत असे. बाबा दिवसा साइटवर आणि रात्री पुस्तकांत. मे महिन्यातल्या अकोल्याच्या रात्री कशा असतात हे तुम्हाला सांगायला नको. कूलरसमोर ओला टॉवेल खांद्यावर टाकून ते गणितं सोडवत. काही विषयांना दोन-दोनदा बसले. पास झाले, पुढे बढती मिळाली, आणि त्या पगारावर मी शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले.

बाबांनी त्या संस्थेच्या एकाही अधिवेशनाला हजेरी लावली नाही. तिचा अध्यक्ष कोण, हेही त्यांना माहीत नसावं. पण वर्गणी चुकवली नाही. एकट्याने कितीही धडपड केली तरी जे दार त्यांना उघडता आलं नसतं, ते त्या संस्थेने उघडून दिलं होतं.

पुढे ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी सरकारने ती समकक्षता काढून घेतली. संस्था आजही आहे. तिचं चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र मूल्यांकनाची कामं करणाऱ्यांना उपयोगी पडतं. पण नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्या डिप्लोमावाल्या मुलाला आज ती काय देऊ शकते? नाव तेच, शंभर वर्षांचा इतिहास तोच, आणि त्या मुलापुरती किंमत मात्र एका तारखेला उतरली. संघटनेची किंमत तिच्या इतिहासात किंवा इमारतीत नसते, असं मी म्हणते ते यामुळे.

आपल्या डॉक्टर मंडळींचं वेगळं आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात, म्हणून व्याख्यानांना गर्दी होते. सीएंच्या संस्थेच्या शाखा अकोल्यातही आहेत आणि अमरावतीतही, तिथेही तासांचा हिशोब असतो. सक्तीने खुर्च्या भरतात, हे खरं. सही करून थेट जेवणाच्या रांगेत उभे राहणारे कोण कोण आहेत हे मला त्यांच्याच बायकांनी सांगितलंय, नावं घेत नाही! पण इंडियन मेडिकल असोसिएशनची एक गोष्ट मला मनापासून आवडते. त्यांच्या सामाजिक सुरक्षा योजनेत एखादा सभासद वारला की बाकीचे सभासद प्रत्येकी ठरलेली रक्कम देतात आणि ती त्याच्या घरी पोचते. भाषण नाही, शाल-श्रीफळ नाही. लहान गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याच्या बायकोला त्या दिवशी संघटना म्हणजे काय ते कळतं.

आता आमच्याकडे, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांकडे, काय आहे ते ऐका. नॅसकॉम १९८८ पासून आहे, पण ती कंपन्यांची संघटना, आमची नव्हे. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे, ती ज्ञानाच्या देवाणघेवाणीसाठी. मागच्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीला, वय चव्वेचाळीस, घराचं कर्ज चालू, तिच्या कंपनीने दुपारी तीनला एका खोलीत बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत स्वतःहून राजीनामा द्या असं सांगितलं. तिने दिला. राजीनामा स्वतः दिला की ती छाटणी राहत नाही आणि भरपाई मागणं अवघड होऊन बसतं. "मला दोन दिवस द्या, वकिलाला विचारते" एवढं एक वाक्य तिला बोलता आलं असतं. पण ते तिला सांगणारं कुणी नव्हतं. वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला त्या तीन तासांत फोन लावायला एक नंबर नव्हता. तेच एखाद्या वकिलावर बेतलं असतं तर अर्ध्या तासात बाररूम गोळा झाली असती.

पुण्यात आता नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे. नेमणुकीचं पत्र हातात असून रुजू करून न घेतलेल्या मुलांचा प्रश्न तिने केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत नेला. तिची प्रत्येक भूमिका मला पटते असं नाही. पण अडचणीत सापडलेल्या माणसाला जायला एक जागा झाली, हे मोठं काम आहे.

आमच्या धंद्यात एक सवय असते. एखादं ॲप किती जणांनी डाउनलोड केलं याला फारसं महत्त्व नाही, महिन्याभराने किती जणांनी ते पुन्हा उघडलं हे पाहतात. आणि ज्याने काढून टाकलं त्याला कारण विचारतात. संघटना बरोबर उलटं करतात. सभासदसंख्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापतात, आणि वर्गणी बंद केलेल्या माणसाला फोन मात्र कुणी करत नाही. तो एक फोन केला तर पुढच्या वर्षीचे निम्मे कार्यक्रम बदलतील, असं माझं मत आहे.

आपल्या भागाला हे नवीन नाही. १९२३ साली अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. पुढे त्याचं मुख्यालय नागपूरला गेलं, 'युगवाणी'सारखं नियतकालिक आलं, आणि इथल्या लिहिणाऱ्याला पुण्या-मुंबईच्या संपादकाकडे डोळे लावून बसण्याशिवाय दुसरी वाट मिळाली.

तर आपल्या संघाबद्दल. सभागृह बांधायला माझा विरोध आहे, हे आत्ताच सांगते, म्हणजे दुपारी वाद कमी होईल. आपल्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, सीए आहेत, बँकेतले आहेत, आणि शाळेत आज दहावीला बसलेली मुलं आहेत ज्यांच्या घरात अजून कुणी इंजिनिअर झालेला नाही. चहाच्या टेबलाजवळ मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर, कुणीही फोन केला तर तुम्ही कशाबद्दल अर्धा तास देऊ शकता ते लिहा. उजव्या पानावर, तुम्हाला सध्या काय विचारायचंय ते. नाव लिहायचं नसेल तर नुसता प्रश्न लिहा. वर्गणी किती ठेवायची ते आपण ती वही वाचून ठरवू. सर, बाई, तुम्हीही लिहा. डाव्या पानावर तुमच्यासाठी वरच्या दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.